क्रूप: खोकला ऐकू नका, छाती बघा

दिवसभर थोडं नाक वाहत असतं, पोर खेळत असतं. रात्री मात्र ते दचकून उठतं आणि कुत्रं भुंकावं तसं खोकायला लागतं. आवाज बसलेला, आणि श्वास आत घेताना घशातून करकरीत, ताणलेला आवाज. डॉक्टर याला स्ट्रायडर म्हणतात. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलात ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर बहुतेक वेळा तो क्रूप असतो. दम्याची घरघर श्वास सोडताना जास्त ऐकू येते, हा आवाज श्वास घेताना येतो. एवढा फरक फोनवर नीट सांगितलात तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

कारण विषाणू, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा. स्वरयंत्राच्या लगेच खाली कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं. तिथे सूज आली की तिला बाहेर फुगायला जागा नसते, ती आतच येते. समजा रस्ता ५ मिलिमीटर रुंद आहे आणि चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, उरतात ३. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश वाट बंद. मोठ्या माणसाला तेवढ्याच सुजेने फक्त आवाज बसतो.

खोकल्याच्या मोठ्या आवाजाने घर जागं होतं, पण आजार किती गंभीर आहे ते त्यावरून कळत नाही. मूल शांत असताना दिवा लावा, अंगातलं झबलं वर करा आणि मिनिटभर नुसतं बघा. गळ्याच्या खळगीत, बरगड्यांमध्ये किंवा बरगड्यांच्या खाली श्वासागणिक खड्डा पडतोय का? करकर फक्त रडताना येते की शांत बसल्यावरही? रडतानाच येत असेल आणि खड्डा पडत नसेल, तर आजार सौम्य आहे; सकाळी डॉक्टरांकडे नेलं तरी चालतं. शांत असतानाही करकर येत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर रात्रीच निघायचं. ओठ निळसर, मूल मलूल, किंवा आधी जोरात येणारी करकर बारीक झाली पण छाती अजून ओढतेच आहे, तर लगेच १०८. करकर बारीक झाली म्हणजे बरं वाटतंय असं धरून चालू नका. मूल दमल्यामुळे हवाच कमी जात असते. करोनात घेतलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका, क्रूपमध्ये आकडा फार उशिरा उतरतो.

तोवर घरात एकच काम: रडवायचं नाही. रडलं की श्वास जोरात ओढला जातो आणि अरुंद वाट आणखी आवळते. मांडीवर उभं बसवा, आडवं करू नका, घशात बोट किंवा चमचा घालू नका. खिडकीशी गार हवेत थोडा वेळ घेऊन बसायला हरकत नाही. आजीची ओव्याची धुरी मात्र नको. धुराने सुजलेला घसा आणखी चिडतो. गरम पाण्याच्या वाफेचा फायदा सिद्ध झालेला नाही, पातेलं कलंडून भाजतं ते वेगळंच. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नका. घरच्या नेब्युलायझरमध्ये मागच्या वेळचं लेव्होसाल्ब्युटामॉल (दम्याचं औषध) घालूनही उपयोग नाही. ते खालच्या नळ्या उघडतं, ही सूज वर आहे. खोकल्याचं सिरप आणि अँटिबायोटिकही इथे निरुपयोगी.

खरं औषध डेक्सामेथासोन, बहुधा एकच डोस, तोंडावाटे: किलोमागे ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १.८ ते ७.२ मिलिग्रॅम, किती ते डॉक्टर ठरवतील. स्टेरॉइड म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, पण एका डोसाला घाबरण्यासारखं काही नाही; सूज उतरायला तासा-दोन तासांत सुरुवात होते. दिल्यावर लगेच उलटी झाली तर सांगा, पुन्हा द्यावा लागतो. त्रास जास्त असेल तर हॉस्पिटलात नेब्युलायझरने अॅड्रेनालिनची वाफ देतात. तिने अर्ध्या तासात फरक पडतो, पण असर दोनेक तासांत ओसरतो. म्हणून बरं दिसलं तरी दोन ते चार तास थांबवून घेतात. 'आता हसतंय, नेतो घरी' म्हणून हट्ट धरू नका.

सर्दी नसताना, खाता-खेळता एकदम ठसका लागून आवाज आला, तर आधी श्वासनलिकेत शेंगदाणा अडकल्याची शंका घ्या. भडंग समोर असलेल्या घरात तर नक्कीच. खूप ताप, लाळ गळतेय, गिळता येत नाही, खोकला जवळपास नाही, मूल पुढे वाकून बसलंय, तर तो क्रूप नव्हे, आणि एक मिनिटही दवडायचं नाही. लसी राहिल्या असतील तर घटसर्पाचाही विचार करावा लागतो, तेव्हा लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.

कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा रात्री सुरू असलेलं मुलांचं हॉस्पिटल जवळच. गगनबावडा, राधानगरीकडे असाल तर मात्र 'अजून तासभर बघू' म्हणू नका. रस्त्याचा वेळ त्यात धरा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये शालीत गुंडाळून नेलं की छाती दिसत नाही आणि तोंडही झाकलं जातं. गाडी किंवा रिक्षा बघा.

दुसऱ्या रात्री त्रास पुन्हा उसळू शकतो, त्यामुळे त्या रात्री मूल मोठ्या माणसाच्या खोलीतच झोपवा. भुंकल्यासारखा खोकला साधारण तीन दिवसांत जातो. सहा महिन्यांखालच्या बाळाला झाला, किंवा वरचेवर होत असेल, तर श्वासनलिकेची रचना तपासून घ्यावी लागते.