भाचीच्या डोक्यातील पिशवी आणि तिच्यात सोडलेले औषध

माझी भाची नऊ वर्षांची असताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊ लागली. डोके दुखते म्हणून सोलापुरात सहा महिन्यांत दोनदा तिच्या चष्म्याचा नंबर बदलला. पण मुलीला समोरचे दिसते आणि बाजूचे दिसत नाही, हे ना तपासणाऱ्याच्या लक्षात आले, ना आमच्या. एमआरआय झाल्यावर कळले, की पीयूषिका ग्रंथीच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात तेथे, क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ आहे. गाठीचा घन भाग वाटाण्याएवढा होता, पण तिला लागून असलेली द्रवाची पिशवी, म्हणजे सिस्ट, लिंबाएवढी फुगून त्या नसांवर दाब देत होती.

ही गाठ कर्करोगाची नसते. मात्र भूक, तहान आणि झोप सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला ती अशी चिकटते, की संपूर्ण काढण्याच्या अट्टहासाने मूल आयुष्यभरासाठी अधू होऊ शकते. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी पिशवी रिकामी करून तिच्यातच औषध सोडण्याचा मार्ग सुचवला.

त्यासाठी टाळूच्या कातडीखाली बटणाएवढी घुमटी बसवतात आणि तिची बारीक नळी पिशवीत उतरवतात. अयुब ओमाया या पाकिस्तानी वंशाच्या मेंदूशल्यविशारदांनी १९६३ मध्ये मांडलेले हे साधन आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पहिल्यांदा सुईने द्रव ओढला, तेव्हा मी तेथेच उभा होतो. इंजिनच्या जुन्या तेलासारखा तो दाट, तपकिरी द्रव उजेडात धरला, की त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकत.

औषध देण्याआधी पिशवीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य, सोडून ती कोठे गळत नाही ना, हे पाहिले. ही पायरी कोणीही घाईने उरकू देऊ नये, असे मला कळकळीने वाटते, कारण पूर्वीपासून वापरले जाणारे ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचे औषध बाहेर झिरपले तर दृष्टी जाण्यापर्यंत इजा होऊ शकते. इंटरफेरॉन अल्फा हे दुसरे औषध त्या मानाने सौम्य असते. भाचीला तेच दिले: एका वेळी ३० लाख युनिट, आठवड्यातून तीनदा, असे एकूण १२ डोस. सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने तितक्या वेळा ये-जा करणे तिला झेपणारे नव्हते, म्हणून ताईने चार आठवडे पुण्यात खोली घेतली. इंजेक्शनच्या संध्याकाळी अंगात कणकण येई आणि सकाळी उतरे.

गाठ विरघळवणारी गोळी नाही का, असे अनेक नातेवाइकांनी विचारले. तशा गोळ्या आहेत, पण त्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीसाठी. मुख्यतः प्रौढांत आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकारात बहुधा बीआरएएफ जनुकात बदल असतो. व्हेम्युराफेनिब आणि कोबिमेटिनिब ही जोडी दिल्यावर अशा १६ पैकी १५ रुग्णांच्या गाठी आकसल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांमधील नेहमीच्या प्रकारात बिघाड बीटा-कॅटेनिनच्या जनुकात असतो आणि तेथे या गोळ्या लागू पडत नाहीत. त्यामुळे अहवालात कोणता प्रकार लिहिला आहे, हे आधी विचारावे.

इंटरफेरॉनने गाठ गेली, असे मी म्हणणार नाही. घन भाग तेवढाच आहे, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन या हार्मोनच्या गोळ्या रोज चालू आहेत, आणि ठरावीक महिन्यांनी एमआरआय करावाच लागतो. पिशवी मात्र आवळ्याएवढी झाली आहे. मागच्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालताना डावीकडून आलेली सायकल तिला माझ्याआधी दिसली आणि तिने माझा हात धरून मला बाजूला ओढले.