बाळाचं सहावं बोट: माझा अनुभव

मुलगा झाला तेव्हा अंग पुसता पुसताच सिस्टर म्हणाल्या, "याच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं आहेत." करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एकेक बारकं बोट, वर इवलंसं नख. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "ग्रहनात विळी हाती घेतली असशीन तुनं." नवरा गप्प.

आशाताई घरभेटीला आल्या आणि त्यांनी नोंद केली. पुढं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांचे जन्मजात दोष लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी दिली. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स. रांगेचं काय सांगावं!

डॉक्टरांनी आधी छातीला नळी लावून ठोके ऐकले, पायाची बोटं मोजली. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला?" तेव्हा कुठं नवऱ्यानं तोंड उघडलं. त्याच्या आत्याला होतं. लहानपणीच दोरा आवळून पाडलं, पण करंगळीजवळ तुरीच्या दाण्याएवढी गाठ राहिली, ती अजून दुखते. डॉक्टर म्हणाले, दोरा बांधायचाच नाही. रक्त जातं, पू होतो, मज्जातंतूची गाठ राहते. असं जास्तीचं बोट साधारण हजारात एक-दोन बाळांना असतं आणि बरेचदा घराण्यातून येतं. आईबापांपैकी एकाकडून जनुक आला की पुरे. कधी जनुक असूनही हात साधा दिसतो, जसा माझ्या नवऱ्याचा. ग्रहणाचा काही संबंध नाही, हे त्यांनी सासूबाईंकडं बघूनच सांगितलं. मला ते फार आवडलं.

बाकावर शेजारी बसलेल्या बाईच्या लेकराचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. त्याची पावलं जन्मतःच वाकडी होती. तिला दर आठवड्याला प्लास्टर बदलायला यावं लागे, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत.

एक्स-रेत बोटात हाड दिसलं, म्हणून ऑपरेशन वर्षाचा झाल्यावर ठरलं. पहिल्या तारखेला सर्दी निघाली, भूलतज्ज्ञांनी परत पाठवलं. दुसऱ्या वेळी अंगावरचं दूध चार तास आधी बंद. ते चार तास ऑपरेशनपेक्षा जड गेले, पोरगं पदर सोडेना. टाके विरघळणारे होते. दोन्ही हातांना पांढरी पट्टी, आणि तो तीच डोक्यावर आपटत होता.

नणंदेला आता सातवा महिना आहे. आशाताईंना आत्ताच सांगून ठेवलंय, आणि आत्याबाईंनाही: दोरा बांधायचा नाही.