रजिस्टरमधलं ‘नाही’

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका उपकेंद्रात मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. 30 ते 65 वयाच्या बायकांचं गर्भाशयाचं तोंड कॅन्सरसाठी तपासणं हे माझ्या कामात येतं. यंत्र काही लागत नाही. 5 टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, कापसाचा बोळा, टॉर्च आणि घड्याळ लावून मोजलेलं एक मिनिट. पेशी बिघडलेल्या असल्या तर पांढरा चट्टा उमटतो. ते मिनिट सरता सरत नाही, म्हणून मी मासळीचा भाव विचारते. टार्गेट दर महिन्याला येतं. आडोशाचा पडदा दोन वर्षं मागतेय.

त्या दिवशी एक काकी सुनेला घेऊन आल्या. सुनेचं ठीक निघालं. चपला घालता घालता काकी हसल्या, “माझी पाळी परत आलीय गो बाय, म्हातारपणात!” वय 58, पाळी जाऊन 8 वर्षं झालेली.

तिथूनच त्यांना परत टेबलावर घेतलं. ॲसिडची बाटली उघडावीच लागली नाही. स्पेक्युलम, म्हणजे आत पाहायचं साधन, उघडताच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ दिसली. बोळा नुसता टेकला तरी रक्त.

मग मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. ‘रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव: नाही.’ अक्षर माझंच. पडवीत दीर बसलेले असताना मी फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला होता. काकी आता म्हणतात, डाग तेव्हाही लागायचा, पण रक्तस्राव म्हणजे बाळंतपणात होतो तो ना? पाळी गेल्यावर तपासायची जागा आत सरकते, ॲसिडचा भरवसा राहत नाही, हे कारण मी स्वतःला देऊन पुढच्या घरी गेले होते.

आकडे मला पाठ आहेत. 2022 मध्ये देशात या कॅन्सरचे सव्वा लाखावर नवे रुग्ण, मृत्यू 80 हजारांच्या आसपास. बायकांत स्तनाच्या खालोखाल हाच. अंडाशयाच्या कॅन्सरला अशी सरसकट तपासणीच नाही, तो उशिरा कळतो हे समजू शकते. हा तर व्हायला कित्येक वर्षं घेतो.

काकींनी एवढंच विचारलं, “गणपती झाल्यावर गेले तर चालेल?”

मी नालासोपाऱ्याच्या मुलाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षी तुम्हीच आल्या होत्या ना घरी?”

मी त्याला आईला न्यायला कधी येतोस ते विचारलं.