हवा विरळ असली म्हणून

‘वर, सत्तर-शंभर किलोमीटरवर, हवा इतकी विरळ असते, मग ती मोजणाऱ्या उपकरणाभोवतीच्या प्रवाहाने असा काय फरक पडणार?’ व्याख्यान कुठलंही असो, हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

फरक पडतो, आणि तो टक्क्यांत नाही, पटींत पडतो. साउंडिंग रॉकेट, म्हणजे मोजणीची उपकरणं वर नेणारं छोटं रॉकेट, ८५ किलोमीटरवरून सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने जातं. तिथे ध्वनीचा वेग २८० मीटरच्या आसपास, म्हणजे रॉकेट मॅक ३.५ च्या घरात. दाट हवेत एवढ्या वेगाला पुढ्यातल्या शॉक वेव्हमागे, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेच्या भिंतीमागे, घनता चौपटीहून जास्त होते. तुमचा गेज, म्हणजे घनता मोजणारा सेन्सर, ती दाबलेली हवा मोजतो. मूळ हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

‘पण तिथे हवा दाट कुठे आहे?’ बरोबर, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. दोन टकरींमधलं रेणूचं सरासरी अंतर ७० किलोमीटरवर साधारण एक मिलिमीटर, ९० वर अडीच सेंटिमीटर आणि १०० वर १४ सेंटिमीटर असतं. उपकरणही याच मापाचं. त्यामुळे हवेला धड सलग प्रवाह म्हणता येत नाही, धड सुटे रेणूही म्हणता येत नाहीत. खाली एक गणित चालतं, वर दुसरं. मधल्या पट्ट्यात लाखो नमुना-रेणू संगणकात सोडून त्यांच्या टकरी मोजाव्या लागतात. त्यातही जाळीचा चौकोन त्या सरासरी अंतराहून लहान हवा, म्हणून ७० किलोमीटरचं गणित १०० च्या गणितापेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता तापमान. उंचीबरोबर घनता किती झपाट्याने उतरते त्यावरून, वरून खाली बेरीज करत ते काढतात. मोजलेली घनता खऱ्या घनतेच्या किती पट, तो गुणक. मी पूर्वी ठासून सांगायचे की हा गुणक माहीत नसला तरी चालतं, कारण स्थिर गुणक गणितात छेदला जातो. ते विधान मी मागे घेत नाही, पण त्यातल्या ‘स्थिर’ या अटीवर तेव्हा पुरेसा जोर देत नव्हते. वर चढताना गुणक बदलतो. समजा, साडेपाच किलोमीटरमध्ये तो १० टक्के वाढला आणि हा कल तसाच राहिला. मग घनता हळू उतरतेय असं दिसतं आणि १९० केल्व्हिनची हवा सुमारे २० अंशांनी गरम निघते. बरं, गुणक काढायला तापमान लागतं आणि तापमान काढायला गुणक. अंदाजाने सुरुवात करून फेऱ्या माराव्या लागतात.

रॉकेटचा कल हे आणखी एक दुखणं. अक्ष वेगाच्या दिशेपासून थोडा ढळला की फिरकीच्या प्रत्येक फेरीत घनता खालीवर होते. सेकंदाला चार फेऱ्या आणि एक किलोमीटर वेग धरला तर ही लहर २५० मीटरची होते, म्हणजे हवेतल्या खळबळीच्या (टर्ब्युलन्सच्या) अभ्यासात जे आकार शोधायचे नेमके त्यांतलीच. फिल्टर लावून ती काढता येते, पण तिच्याबरोबर त्या मापाची खरी खळबळही जाते. लोक हे सहज विसरतात आणि मग वर्णपटातल्या, म्हणजे कुठल्या मापाची खळबळ किती हे दाखवणाऱ्या आलेखातल्या, खड्ड्याला निसर्गातलं कारण शोधत बसतात.

सेन्सर बुडाशी असेल तर चढताना तो रॉकेटच्या मागच्या पोकळीत असतो, त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून मोटर वेगळी झाल्यावर, उतरताना मोजतात. तेव्हा रॉकेट चढतानाच्या जागेपासून कित्येक किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. दोन्ही टोकांना सेन्सर असले आणि चढउताराचे आकडे जुळले नाहीत तर दोष हवेचा की प्रवाहाचा, यावर आजही माझं एकमत होत नाही, स्वतःशीसुद्धा.

फुग्याचंही तेच. दिवसा तापलेल्या फुग्यामागची गरम हवा खाली लोंबणाऱ्या उपकरणावर येते, म्हणून ३० मीटर किंवा त्याहून लांब दोरी सोडतात. बाष्प मोजायचं तर फुग्याच्या कातडीतून सुटणारी वाफ आडवी येते. तिथे उतरतानाचं माप जास्त विश्वासाचं.

उल्का वर जळून उरणाऱ्या धुराच्या कणांवर मात्र कुठलाही गुणक चालत नाही. नॅनोमीटरभर आकाराचे कण हवेबरोबर वळतात आणि शोधकाच्या तोंडाला वळसा घालून निघून जातात. मोठे तेवढे आत शिरतात. त्या उंचीवर किती लहान कणांपर्यंत पकड होती हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर कणांची ती संख्या मी वापरत नाही.