चार दिवे एकामागून एक

आज रात्री पावणेबाराला बोर्डावरचे चार एलईडी एकामागून एक पेटले, आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

तीन आठवडे व्हेरिलॉग (डिजिटल सर्किट लिहून मांडायची भाषा) शिकतेय. सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत असल्यामुळे ओळ वाचली की ती वरून खाली चालतेय असंच डोक्यात येतं. इथे तसं नाही. इथे आपण सूचना देत नाही, सर्किटचं वर्णन करतो, आणि सगळे फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट, म्हणजे ० किंवा १, लक्षात ठेवणारे भाग) क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या सिग्नलच्या, एकाच ठोक्याला हलतात.

संध्याकाळभर चारही एलईडी एकदमच पेटत होते. शेवटी सिम्युलेशन लावलं, म्हणजे सर्किट संगणकावरच चालवून पाहिलं. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे सिग्नलच्या आलेखात, चारही रेघा एकाच ठिकाणी उभ्या चढलेल्या! दर ठोक्याला काय व्हायचं ते लिहितात त्या always ब्लॉकमध्ये मी साधं = वापरलं होतं, म्हणून पहिल्या फ्लिप-फ्लॉपची नवी किंमत त्याच ठोक्यात शेवटच्यापर्यंत पोचत होती. तिथे <= केलं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची जुनी किंमत घ्यायला लागला. एका चिन्हाचा फरक, पण सर्किटच वेगळं.

मग दिवे डोळ्यांना दिसतील इतके सावकाश सरकावेत म्हणून ठोके मोजणारा काउंटर घातला, तर बोर्डावर काही हलेना. क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पाच कोटी ठोके, अर्ध्या सेकंदासाठी अडीच कोटी ठोके मोजायचे, आणि माझा काउंटर २४ बिटांचा. तो १,६७,७७,२१५ पर्यंत जाऊन परत शून्यावर. २५ बिट केले.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "अगं, दिवाळीच्या माळेसारखंच की!" हो आई, पण ही माळ मी आतून बांधलीय.

उद्या पुश बटण जोडायचंय.