फ्रेंच की हिब्रू? आधी आपली मराठी काय देते ते बघा

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी माझी भाची घरी आली आणि आल्या आल्या विचारलं, "मावशी, अकरावीला फ्रेंच घेऊ का? की फ्रेंच सोडून सरळ हिब्रूच शिकून राहू?" फ्रेंचचं समजू शकते, सगळेच घेतात, स्कोरिंग म्हणतात. हिब्रूचं, म्हणजे इस्रायलच्या भाषेचं, मात्र तिच्या डोक्यात माझ्यामुळे आलं, कारण मी फ्रेंच बी वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंत केलं आणि गेली दोन वर्षं ऑनलाइन हिब्रू शिकून राह्यली आहे. तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, अजून कोणाला तरी कामी येईल.

नेटवर शोधलं तर एकच उत्तर मिळतं, फ्रेंच सोपी, हिब्रू कठीण. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात, त्यांचा हिशोब फ्रेंचला साधारण 30 आठवडे आणि हिब्रूला 44 असा आहे. पण तो हिशोब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे हो! आपण मराठीतून जातो, आणि मराठीतून गेलं की बरंच काही बदलतं.

टेबलावर कळमन्याहून आणलेली मृग बहाराची संत्री होती, तिथूनच सुरुवात केली. फ्रेंचमध्ये 'ओराँज', आणि हा शब्द फारसी-अरबीतून फिरत फिरत आपल्या संस्कृत 'नारंग'कडूनच गेलाय. हिब्रूत 'तपूझ', म्हणजे 'तपूआख झहाव', सोन्याचं सफरचंद, त्याचा जोडून केलेला छोटा शब्द. (आपलं नागपुरी संत्रं खरं तर मँडरिन जातीचं, पण असो.) आणि आलू? फ्रेंचमध्ये 'पोम द तेर', हिब्रूत 'तपूआख अदामा', दोन्हीकडे अर्थ एकच, मातीतलं सफरचंद. भाचीला हे भारी आवडलं.

मग तिने वहीत हिब्रू अक्षरांत तपूझ लिहून बघितलं, उजवीकडून डावीकडे, ताव, पे, वाव, झायिन. चारच अक्षरं. लगेच विचारते, "त नंतर काहीच नाही, मग तपूझ की तिपूझ कसं कळायचं?" हाच हिब्रूचा खरा डोंगर आहे. अक्षरं 22 फक्त, पंधरा दिवसांत होतात, पण स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, लहान मुलांच्या पुस्तकात ठिपके-रेघा देतात, पेपरात नाही देत, म्हणजे शब्द आधी माहीत असेल तरच वाचता येतो. आपल्याला काना-मात्रा-वेलांटीची सवय, त्यामुळे पहिले सहा महिने मला अक्षरशः अंधारात चाचपडल्यासारखं व्हायचं.

पण व्याकरण! तिथे मराठी माणूस घरी आल्यासारखा होतो. 'अनी कोतेव' म्हणजे मी लिहितो, 'अनी कोतेवेत' म्हणजे मी लिहिते. इंग्रजीवाल्यांना हे वेगळं घोकावं लागतं, आपण रोज बोलतो. धातूही आपल्यासारखेच पसरतात, क-त-व ह्या तीन व्यंजनांतून 'कतव' लिहिलं, 'मिख्तव' पत्र, 'क्तोवेत' पत्ता, एक धातू कळला की पाच शब्द सोबत येतात. आणि 'मित्स' म्हणजे ज्यूस, त्यातला 'त्स' हा चमच्यातला च आहे, चहातला नाही. तो आपल्याला फुकटात मिळतो.

एक गोष्ट मात्र मला अजून जड जाते. हिब्रूत 'तुम्ही' असं आदराचं रूप नाही, बाईंना सुद्धा 'अत', म्हणजे सरळ 'तू'. पहिल्या क्लासला माझ्या तोंडून ते निघेचना, आमच्या बाईंचं वय साठच्या वर. फ्रेंचमध्ये हा प्रश्नच येत नाही, 'त्यू' आणि 'वू', तू आणि तुम्ही, जसंच्या तसं.

फ्रेंचचं उलटं आहे, वाचायला लवकर येते आणि ऐकायला छळते. पाणी म्हणजे 'ओ', लिहायचं ई, ए, यू! 'वेर' ऐकलं तर हिरवा, काच, किडा, कडे, चारातलं काहीही असू शकतं, स्पेलिंग चौघांचं वेगळं. 97 म्हणायचं तर चार विसा, दहा, सात. माझी आजी दोन विसा, चार विसा असंच मोजायची म्हणून मला ते गोडच वाटलं. आणि एक गंमत कोणी सांगत नाही: 'मी पत्र लिहिलं' पण 'चिठ्ठी लिहिली', ही कर्माप्रमाणे क्रियापद बदलायची आपली सवय फ्रेंचमध्येही थोडी आहे, कर्म आधी आलं की. 'ला लेत्र के जे एक्रीत', पत्र तिथे स्त्रीलिंगी म्हणून शेवटी त. आमच्या बॅचला हा नियम डोक्यावरून गेला होता, मला मराठीमुळे पटकन बसला.

घशातला र दोघींतही आहे, तो सरावानेच येतो.

आता व्यवहाराचं. फ्रेंच जगात 30 कोटींच्या वर लोक बोलतात, डेल्फ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा आहे, नागपुरात शिकवणारे मिळतात, इथल्याच मिहानमध्ये दासॉ ह्या फ्रेंच विमान कंपनीचा कारखाना आहे. हिब्रू बोलणारे जेमतेम कोटीच्या आसपास आणि इथे बोलायला कोणी मिळत नाही, ऑनलाइनच सगळं. पण संत्र्यासाठी इस्रायलच्या मदतीने उभं राहिलेलं केंद्र आपल्याच नागपुरात आहे, शेतीच्या पोरांनी हिब्रू शिकायला काय हरकत आहे! आणि कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणायचे, घरी मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठी एकत्र असलेली हगादा, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली. म्हणजे हा रस्ता आपल्या लोकांनी कधीच चालून ठेवलाय.

भाचीला मी म्हटलं, अकरावीला फ्रेंच घे, कारण रोज कोणीतरी तपासणारं मिळेल आणि ते सुरुवातीला फार लागतं. हिब्रू रविवारी माझ्याकडे, एक तास, सहा महिने फक्त वाचन. ती म्हणाली दोन तास. मग आम्ही दीडवर ठरवलं.