मुंबई ते नागपूर विमानाने नक्की किती वेळ लागतो

ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, नागपूर किती लांब आहे रे, आणि मी दीड तास म्हणून मोकळा होतो. पण ते काही खरं उत्तर नाही.

हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. रेल्वेने सीएसएमटीपासून 837, कारण गाडी कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत जाते, दुरांतोलाही अकरा तास लागतात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झाला, म्हणजे रस्ता बऱ्यापैकी विमानाच्या रेषेतच आलाय.

आता तिकिटावर दीड तास असतो, तो गेटपासून गेटपर्यंतचा. हवेत आपण सव्वा तासाच्या आतबाहेरच असतो, बाकीचा वेळ जमिनीवरच जातो, आधी विमान मागे ढकलणार, मग रांगेत उभं राहणार. मुंबईतल्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणून तर येताना कधीकधी वर घिरट्या घालत बसावं लागतं. आणि हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून असतं, ते जाताना मागून ढकलतं नि येताना समोरून अडवतं, त्यामुळे परतीला थोडी मिनिटं जास्तच धरा.

माझा हिशोब डोंबिवलीपासूनचा. संध्याकाळी सहा दहाचं विमान असेल तर मी दुपारी पावणेतीनला घर सोडतो, बॅग द्यायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो आणि रस्त्याचा काही भरवसा नाही. पावणेआठला उतरायचं, बॅग घ्यायची, आणि तिथून मात्र पंधरा मिनिटांत घर, कारण सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ, गावातच आहे म्हणा ना. एकूण साडेपाच तास. त्यातले निम्मे तर मुंबईतच जातात.

डिसेंबरात गेटवर बसलेलो असताना बाबांचा फोन येतोच. "निघाला का रे? इकडे त अंधार पडला." इकडे काचेतून विमानांच्या शेपट्यांवर अजून ऊन दिसत असतं. दोन्ही शहरांच्या रेखांशात सहा अंशांहून जरा जास्त फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने जवळजवळ 25 मिनिटं, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मला हे फार आवडतं, एकाच राज्यात माझ्या आईचे दिवे माझ्या आधी लागतात.

बाबांना विमानांचं लहानपणापासून वेड. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. 1973 पर्यंत चाललं ते. बाबा अंगणात खाटेवर झोपायचे तेव्हा त्या आवाजाने जागे व्हायचे, आणि कुठलं विमान कुठून आलं ते दिशेवरून ओळखायचे असं सांगतात, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

येत्या शुक्रवारी जातोय. तिकडे थंडी पडलीये, आईने स्वेटर घालूनच ये म्हणून बजावलंय, आणि परतीच्या 15 किलोतले तीन किलो संत्र्यांसाठी आताच धरून ठेवलेत.